वालाच्या मुळाशी

महाड-पोलादपूरकडे भातकापणी उरकली की खाचरातल्या उरल्यासुरल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारीत त्यातलं एखादं रोप मातीच्या ढेकळासकट उकरून मुळं धुऊन पाहा. हिसका मारलात तर बघायचं तेच मातीत राहील. मुळांवरची बारीक गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी दिसलं तर रायझोबियम जिवाणूंचं काम चालू आहे, हिरवट-तपकिरी दिसलं तर आटोपलं. हा रंग आपल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा. हवेतला नायट्रोजन बांधणारं जिवाणूंचं विकर प्राणवायूने निकामी होतं, म्हणून हे प्रथिन प्राणवायू मोजूनमापून पोचवतं. हवेत नायट्रोजन 78 टक्के, पण भाताला तो थेट घेता येत नाही. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठींतले हे जिवाणू 1888 साली वेगळे काढले. वाल-भात ही जोडी त्याआधीपासूनची.

पावसाळ्यात व्यवहार उलटा. तुंबलेल्या चिखलात प्राणवायू संपतो आणि दुसरेच जिवाणू नायट्रेटवर श्वसन भागवून नायट्रोजन परत हवेत सोडतात. फेकलेल्या युरियाचाही काही हिस्सा असाच उडतो. चारसूत्री भातशेतीत खताच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचतात, त्यामागे हेही कारण आहे: तिथे प्राणवायूच नसल्याने युरियापासून झालेल्या अमोनियमचं नायट्रेट होत नाही.