सिकलसेलविरुद्ध पेशीतीलच यंत्रणा. ‘रेणवीय डिंका’ने प्रथिनाची विल्हेवाट

भिलाई : पोलाद कारखान्यात भंगार वाया जात नाही, ते वितळवून पुन्हा पोलाद घडविले जाते. मानवी पेशीतही अशीच व्यवस्था असते. नको असलेल्या प्रथिनांवर ‘युबिक्विटिन’ या छोट्या प्रथिनाची खूण लावली जाते. ‘प्रोटिअसोम’ ही यंत्रणा त्यांचे तुकडे करते आणि अमिनो आम्ले पुन्हा वापरात येतात. या शोधासाठी आरोन सिएचानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही खूण कोणत्या प्रथिनावर लावावी, हे आता लहान रेणूंच्या साहाय्याने ठरविता येते. छत्तीसगड आणि विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल आजारासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन घटताच सदोष हिमोग्लोबिनचे तंतू बनतात. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये हा दोष नसतो; मात्र जन्मानंतर काही महिन्यांत त्याची निर्मिती जवळपास थांबते. ती रोखून धरणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ‘विझ’.

नोव्हार्टिसच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ‘डीविझ-२’ या रेणूची माहिती प्रसिद्ध केली. हा रेणू डिंकासारखे काम करतो. ‘सेरेब्लॉन’ हे प्रथिन खूण लावणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. रेणू त्याला ‘विझ’शी जोडतो आणि ‘विझ’ नष्ट होते. मानवी रक्तपेशी रुजविलेल्या उंदरांत आणि माकडांत यामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढल्याचे दिसून आले.

सावधगिरीही आवश्यक आहे. गर्भातील बालकांत गंभीर व्यंग निर्माण करणारे थॅलिडोमाइड हे औषधही सेरेब्लॉनलाच चिकटते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखविले. त्यामुळे नको ते प्रथिन नष्ट होत नाही ना, याची काटेकोर तपासणी अपरिहार्य ठरते.

तरीही या मार्गाचे मोल मोठे आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘कॅसजेव्ही’ या जनुकीय उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. साध्या औषधाने तोच परिणाम साधला, तर उपचार गावपातळीवर पोहोचू शकेल.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. नवे औषध हाती येईपर्यंत वेळेवर रक्ततपासणी, विवाहपूर्व समुपदेशन आणि वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले हायड्रॉक्सीयुरिया हेच रुग्णांचे प्रमुख आधार आहेत.