नळ जिथे, सीएनजी तिथे

सुरतेत उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी रिक्षावाल्याला सीएनजीचं अप्रूप नाही. हजिरा शेजारीच आहे. मुंबईजवळच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायू समुद्राखालच्या नळाने तिथे येतो, शुद्ध होतो आणि 1980च्या दशकात टाकलेल्या हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीने थेट उत्तर प्रदेशात पोचतो. कोणत्या गावात कोणतं इंधन चालेल, हे बरंचसं असा नळच ठरवतो. नागपूरला वाहिनी नव्हती, तेव्हा द्रवरूप वायू टँकरने आणून सीएनजी करावा लागे. साहजिकच तो महाग पडे.

पंपावर सुमारे 200 बार दाबाने वायू भरतात, म्हणून आधी प्रवाशांना खाली उतरवतात. टाकीची तपासणी दर 3 वर्षांनी सक्तीची आहे. तुमच्या गाडीच्या टाकीची तारीख आजच बघून घ्या.