दयारा: जमिनीखाली जगणारं कुरण

गंगोत्रीच्या रस्त्यावर, उत्तरकाशीच्या पुढे भटवाडी लागतं. तिथून वर रैथल आणि बार्सू ही दोन गावं, दोन्ही साधारण सव्वादोन हजार मीटर उंचीवर. जूनमध्ये यांपैकी कुठूनही भल्या पहाटे निघालं, की चालायची सवय असलेला माणूस दयारा बुग्यालवर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, जाऊन दिवस मावळायच्या आत गावात परततो. चढ खरसूच्या जंगलातून आहे. खरसू म्हणजे हिमालयातला ओक. पानं जाड, कडा काटेरी, फांद्यांवर गच्च शेवाळ. बराच वेळ त्याची सावली सोबत करते. मग सव्वातीन हजार मीटरच्या सुमारास झाडं संपतात आणि पुढे नुसतं गवत पसरतं. समोर बंदरपूंछ आणि श्रीकंठची हिमशिखरं.

झाडं इथेच का थांबली? कास पठार पाहिलेल्याला उत्तर सोपं वाटेल: खाली कातळ असणार. पण कासच्या सड्यावर जांभ्यावर मातीचा जेमतेम थर असतो, मुळांना जागाच नसते. दयाऱ्यावर माती काळीभोर आहे. पाणी आहे, ऊन तर डोळे दिपवणारं. तरी झाड नाही.

कारण थंडी, पण हिवाळ्यातली नव्हे. हिवाळ्यात खरसू आणि भूर्ज बर्फातही तग धरतात. अडतं ते उन्हाळ्यात. बाझेल विद्यापीठाचे ख्रिस्तियान कर्नर आणि त्यांचे सहकारी येन्स पाउल्सन यांनी जगभरच्या पर्वतांवर वृक्षरेषेपाशी जमिनीत तापमापक पुरून ठेवले होते. २००४ साली त्यांनी आकडा मांडला: वाढीच्या मोसमात मातीचं सरासरी तापमान ६.७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं, की उष्ण कटिबंध असो वा ध्रुवाजवळचा प्रदेश, झाडं थांबतात. विशेष म्हणजे त्या गारठ्यातही पानं साखर बनवतच असतात. अन्न कमी पडत नाही. त्या अन्नातून नवं लाकूड, नवी मुळं घडवायची तर पेशींचं विभाजन व्हायला हवं, आणि पाच अंशांच्या खाली तेच जवळपास ठप्प होतं.

मग गवताला कसं जमतं? दुपारी उतारावर गुडघे टेकून बसा. चेहऱ्याला वारा झोंबत असतो आणि तळहात गवतात घातला तर जमीन कोमट लागते. झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, त्याला हवेचंच तापमान सोसावं लागतं. बोट-दोन बोट उंचीच्या रोपाला तापलेल्या मातीची ऊब मिळते. कडक उन्हात हा फरक दहा अंशांहूनही जास्त होऊ शकतो. झऱ्याकाठची कॅल्थाची पिवळीधमक फुलं, प्रिम्युलाचे जांभळे गोल गुच्छ, सगळी मंडळी म्हणूनच जमिनीला धरून आहेत.

दयाऱ्याची हद्द मात्र एकट्या थंडीने आखलेली नाही. हिमालयात अनेक ठिकाणी झाडं हवामानाने घातलेल्या मर्यादेच्या बरीच खाली थांबलेली दिसतात, कारण पिढ्यान् पिढ्या माणसाने सरपण तोडलं आणि गुरं चारली. पालसी म्हणजे मेंढपाळ कळप घेऊन वर येतात, गावकऱ्यांच्या छान्या, म्हणजे गुरांसह राहायच्या झोपड्या, इथे असतात. ऑगस्टच्या मध्यात रैथलचे लोक दयाऱ्यावर लोणी-ताक उधळून अंढूडी उत्सव साजरा करतात, तो याच गुरांच्या दुधाचा. त्यामुळे चराई म्हणजे निव्वळ नुकसान, असं मला वाटत नाही. व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली आणि पुढे पॉलिगोनम या वनस्पतीची उंच झाडोरी माजली. दोन्हींचा संबंध किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कुरण कसं टिकतं हे ठरवताना गुराख्याला वगळून चालणार नाही, इतकं नक्की.

कुरणाचा मोठा हिस्सा आपल्या नजरेला पडतच नाही. वर्षातले निम्मे महिने बर्फ, म्हणून इथल्या वनस्पती आपली पुंजी मुळांत, कंदांत साठवतात. थंडीमुळे पाला सावकाश कुजतो आणि माती काळी होत जाते. पायवाटेच्या कडेला घळ पडलेली असेल तर वाकून बघा: वर चार बोटं गवत आणि खाली वीतभर मुळांची घट्ट वीण. ती वीण खेचरांच्या खुरांनी किंवा तंबूभोवतीच्या वर्दळीने एकदा फाटली, की पावसाळा उरलेलं काम करतो. अशा घळी भरायला दयाऱ्यावर वन खात्याने काथ्याच्या जाळ्या, बांबू आणि पिरूल, म्हणजे चीड या पाइन झाडाच्या सुया, वापरल्या. प्लास्टिक नाही, सिमेंट नाही. जाळी कुजेपर्यंत गवत धरावं, हा हिशेब. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि पर्यटकांची संख्या दोनशेवर बांधली. पुण्या-मुंबईच्या ट्रेकर्सना तो आदेश जाचक वाटला. मला तो रास्त वाटतो. दिवसभरात जाऊन येणारा माणूस एका वाटेने चालतो. मुक्काम करणाऱ्याला तंबूला जागा, चुलीला सरपण आणि संडासाला खड्डा लागतो.

दुसरा घाव कुदळीचा. आपल्या घरी तान्ह्या बाळासाठी सहाणेवर जी बाळगुटी उगाळतात, तिच्यातलं अतिविष हा हिमालयाच्या याच उंच पट्ट्यातल्या रोपाचा कंद. रोपाला जोडकंद असतो: जुना बी धरून सुकतो, नवा पुढच्या वर्षी उगवतो. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. खणणारा बी पडायच्या आत आला तर बीही गेलं आणि पुढच्या वर्षीचं रोपही. ही वनस्पती आज धोक्यात असलेल्यांच्या जागतिक यादीत आहे. श्रीनगर-गढवालच्या उच्चस्थळी वनस्पती संशोधन केंद्राने १९७९ पासून अशा औषधींच्या लागवडीवर काम केलं आहे, आणि चमोलीतल्या घेस गावचे शेतकरी आता कुटकी ही अशीच औषधी शेतात घेतात. अतिविषाची लागवडही होते, मात्र बियांपासून विकण्याजोगा कंद तयार व्हायला काही वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर बुग्यालातून खणून आणलेला कंद बाजारात स्वस्त पडतो.