मान टाकलेला गुलाब

मळवलीला लोकलमधून उतरलेली माणसं भाजे लेण्यांच्या नाहीतर लोहगडाच्या वाटेला लागतात. मी गेलो होतो गुलाब बघायला. फेब्रुवारी तोंडावर आला की मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांना झोप नसते. व्हॅलेंटाइनचा माल वेळेत निघाला पाहिजे.

ओळखीच्या शेतकऱ्याने थेट कोपऱ्यातल्या बेडकडे नेलं. 'टॉप सीक्रेट' जातीच्या गुलाबाचे कोवळे शेंडे माना टाकून उभे होते.

"पाणी कमी पडलं का?"

त्याने माती मुठीत दाबली. लाडू वळला. मग ड्रिपरभोवतीची पांढरी कड नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवली. "पाणी हाय दादा, पण त्याला पिता येईना. खताचा डोस चुकला."

काकडीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते हेच. शाळेत 'परासरण' म्हणून पाठ केलं होतं, समजलं मात्र त्या बेडवर. पेशीच्या पातळ पटलातून पाणी सहज ये-जा करतं, क्षारांना तशी मोकळीक नाही. मग जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. एरवी मुळांच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आत येतं, पेशी फुगून टणक होतात आणि कोवळा शेंडा ताठ राहतो. मातीच खारली की ओढ उलटी.

पाण्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारं असतात. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना 2003चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पोटॅश आणि नायट्रेट आत घ्यायला मात्र झाडाला ऊर्जा खर्चावी लागते. ती मिळते श्वसनातून. म्हणून बेडमध्ये पाणी साचवून चालत नाही: मुळांचा श्वास कोंडला, की खत शेजारी असूनही झाड उपाशी.

उपाय साधा आणि कंटाळवाणा. खत बंद करायचं, नुसतं पाणी सोडून क्षार खाली धुवायचे आणि बेडखालून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, मोजत बसायचं. मीटरवर 3.8 दिसलं तेव्हा तो फक्त "हं" म्हणाला. आदल्या दिवशी साडेचार होता.

मी निघेपर्यंत दोन-तीन शेंडे किंचित सावरल्यासारखे वाटले. मी तसं म्हणालोही. त्याने सगळ्यात वाकलेली दांडी सिकेटरने कापली, बादलीकडे न नेता बेडबाहेर टाकली. "ही नाय उठायची," म्हणाला आणि पुढच्या ड्रिपरकडे वळला.