काजळीतून उजेड : उष्णता सोसणारे कार्बनचे सूक्ष्म कण

कपिलधारची यात्रा असो की घरचा देव्हारा, कापूर जळाला की तबकाला काजळी धरते. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. याच कापरापासून मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. महेश्वर शेरॉन व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कार्बनचे अतिसूक्ष्म मणी तयार केले. पुढे २००७ साली परदेशातील संशोधकांनी मेणबत्तीची काजळी नायट्रिक आम्लात उकळली. तेव्हा तिच्यातून अतिनील प्रकाशात रंगीत उजेड देणारे कण मिळाले. यांना कार्बन डॉट म्हणतात. त्यांचा आकार सर्वसाधारणपणे १० नॅनोमीटरपेक्षा कमी असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

हे कण संत्र्याचा रस, उसाचे चिपाड यांपासूनही बनतात. कच्चा माल पाण्यासह पोलादी बंद भांड्यात बहुधा १६० ते २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवितात. नंतर गाळून कण वेगळे करतात. शेतकरी बंधूंनी हा प्रयोग कुकरमध्ये मुळीच करू नये. कुकरचे तापमान सुमारे १२० अंश असते व आतील दाब हवेच्या दुप्पट. २०० अंशांना तोच दाब पंधरापट होतो. भांडे फुटून जीव जाऊ शकतो.

खरी अडचण पुढेच आहे. एल. ई. डी. दिव्यातील चकती चालू असताना १०० अंशांच्या वरही तापू शकते. त्या उष्णतेने कणांच्या पृष्ठभागावरील अणुगट जोराने थरथरू लागतात. मग शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णता होऊन निघून जाते आणि कण मंदावतात. म्हणून कणांना सिलिकात, म्हणजे वाळूतल्याच घटकात, घट्ट बसवितात. त्यामुळे अणुगटांची थरथर आवरते आणि हवाही कणांपर्यंत सहज पोहोचत नाही. आमच्या मते या संशोधनाचे मर्म येथेच आहे. उजेड पाडणे त्यामानाने सोपे.

आपल्या पऱ्हाटीला यामुळे लगेच भाव येईल असे समजू नये. कच्चा माल फार थोडा लागतो, खर्च शुद्धीकरणावर होतो. पऱ्हाटी बारीक करून कंपोस्टमध्ये घालणेच आज किफायतशीर.

‘नॅनो कार्बन’ नावाची बाटली विकताना कोणी निळ्या बॅटरीखाली चमक दाखविली, तर भुलू नये. त्या प्रकाशात हळदही चमकते आणि कपडे धुण्याची पावडरही. खत म्हणून विकत असल्यास ते खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये बसते काय, हे कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावे व पक्की पावती मागावी.