ओवा, हळद आणि कोंबडीचं आतडं

चंडीगडला केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, शेजारी बरवाल्याचा पोल्ट्री पट्टा. तिथं काय नि आपल्याकडं काय, ब्रॉयलरचा हिशेब एकच: सहा आठवड्यांत दोन किलोंवर वजन, आणि बहुतेक खर्च खाद्याचा. ते अंगी लागतं लहान आतड्यात. तिथल्या अस्तरावरची मखमली लव जंतूंनी झिजली, की पक्षी खातो पण भरत नाही. म्हणून खाद्यात थोडं प्रतिजैविक मिसळायची वहिवाट पडली. त्यातून तयार होणारे, औषधांना न जुमानणारे जंतू शेडपुरते राहत नाहीत, हे कळल्यावर युरोपीय संघानं २००६ पासून ती बंद केली; भारतानं २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुपालनातल्या वापरावर बंदी घातली.

पर्याय म्हणून ओवा, हळद, लसूण पुढं आले. ओव्यातलं थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतं, हे प्रयोगशाळेत पक्कं दिसतं. शेडमध्ये मात्र निकाल कधी उत्तम, कधी शून्य. यावरून ‘सगळी जाहिरातबाजी’ म्हणणारे निम्मेच बरोबर आहेत. ओव्यातलं तेल पिकागणिक, साठवणीगणिक कमी-जास्त होतं. आणि स्वच्छ शेडमध्ये जंतूंचा ताणच नसेल, तर फरक दिसणार कुठून? (हळदीतलं करक्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, इथं काम आतड्यातच असल्यानं ही उणीव चालून जाते.) तेव्हा अशा पूरक खाद्याच्या पुडीवर नुसतं वनस्पतीचं नाव पुरत नाही, घटकाचं प्रमाण छापलेलं हवं. आणि शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं होऊन अमोनियानं डोळे चुरचुरत असतील, तर आधी तूस बदलावं.