हजेरीपटाबाहेरचे हात : एका बांधकाम कंपनीचा इतिहास

कोयनेचे धरण कोणी बांधले, असा प्रश्न मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात विचारतो. कोणी सरकारचे नाव घेते, कोणी इंजिनिअरांचे. एखादा वाचणारा विद्यार्थी ‘हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी’ असे सांगतो. उत्तर बरोबर असते. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, माझा आजा होता तिथं. दगडावर.” वर्ग हसला. मला हसू आले नाही. माझे वडील मुंबईत बिगारी होते. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे ते कसे निर्माण झाले, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

आधी कंपनीचा इतिहास पाहू. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरच्या गुजराती जैन कुटुंबातला. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. वालचंदांचे मन त्यात रमेना. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत आलेले गृहस्थ. त्यांच्याशी भागी करून वालचंदांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. पुढे ही भागी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत मिसळली. बोरघाटातील नव्या रेल्वेमार्गाचे बोगदे १९२० च्या दशकात याच कंपनीने खोदले. २७ जानेवारी १९२६ रोजी मुंबईत हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर कोयना धरण, बंगालमधील फराक्का बंधारा आणि २००९ मध्ये खुला झालेला ५.६ किलोमीटरचा वांद्रे-वरळी सागरी सेतू ही या कंपनीची कामे.

वालचंदांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. मोठी कामे गोऱ्या कंपन्यांकडे जात, त्या काळात ते त्यांच्यासमोर उभे राहिले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची जहाजे, १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणची जहाजबांधणी, असा त्यांचा पसारा होता. १९५३ मध्ये ते वारले. बांधकाम कंपनीचे नेतृत्व मात्र घराण्यातच राहिले. अजित गुलाबचंद यांनी ते अनेक दशके केले. मोठ्या शहरांतल्या बहुतेक बांधकाम कंपन्यांची नेतृत्वाची कथा अशीच घराण्याची कथा आहे.

आता प्रश्न असा, की दगडाचे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांच्यातून अशा मोठ्या कंपन्या का उभ्या राहिल्या नाहीत? वडाराला कातळाची शीर कळते. घण कुठे बसला म्हणजे दगड सरळ फुटेल, हे त्याला कोणत्याही इंजिनिअराने शिकवलेले नाही. महार-मांगांनी सडका केल्या, खडी फोडली, भराव टाकले. कसब होते, कष्ट होते, माणसेही होती. मग उणे काय होते?

याचे उत्तर ठेकेदारीच्या रीतीत आहे. टेंडर भरायचे तर आधी अनामत रक्कम हवी. पूर्वी केलेल्या तशाच कामाचा दाखला हवा. काम मिळाले तरी पैसे लगेच मिळत नाहीत. काम होते, मोजमाप होते, बिल पुढे जाते, मग रक्कम हाती येते. तोवर महिनोन्‌महिने मजुरी आणि माल स्वतःच्या खिशातून भागवावा लागतो. म्हणजे ठेकेदार होण्यासाठी दोन गोष्टी लागतात : बाजारात पत आणि कचेरीची वाट. वालचंदांपाशी पहिली होती, फाटकांपाशी दुसरी. या दोन्ही गोष्टी गावकुसाबाहेर कधी पोचू दिल्या गेल्या नाहीत. जो सावकाराच्या ओट्यावर चढू शकत नव्हता, त्याला पत कोण देणार? ज्याला अक्षर शिकू दिले नाही, त्याला कचेरीची वाट कशी सापडणार? भांडवल म्हणजे नुसता पैसा नव्हे. जात हेही भांडवलच असते, आणि ते वारशाने मिळते.

दुसरी रीत कामावरची. कंपनीखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. मुकादम गावात येऊन उचल देतो आणि ती फिटेपर्यंत टोळी त्याची. ही उतरंड जुनी आहे. बोरघाटातला पहिला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ठेका पुढे चालवला. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती. ॲलिसचे नाव इतिहासात राहिले, ते राहावेच. त्या चाळीस हजारांपैकी किती नावे आपल्याला सांगता येतील? १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून तिथे दंगा झाला. पुढच्याच वर्षी सरकारने असे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे नेणारा कायदा केला आणि करार मोडणाऱ्या मजुराला त्यात शिक्षा ठेवली.

माझ्या घरचा अनुभव सांगतो. वडिलांनी एका इमारतीवर दोन वर्षे घमेली वाहिली. फळीवरून पडून त्यांचा हात मोडला. पोटठेकेदाराचा माणूस म्हणाला, हजेरीपटावर या नावाचा माणूसच नाही. नाव होते ते मुकादमाच्या खिशातल्या वहीत, आणि मुकादम दुसऱ्या कामावर निघून गेला होता. आई अंगठेबहाद्दर. मी चौथीत होतो. भरपाई मिळाली नाही. ती इमारत अजून उभी आहे आणि तिच्या दारावरच्या पाटीत बांधणाऱ्याचे नाव आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी कायद्यातले दोन मुद्दे पक्के ध्यानात ठेवावेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवले. २०२० च्या संहितेतही हे तत्त्व राखले आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. कल्याणकारी मंडळे आली, बांधकामाच्या खर्चावर उपकर आला. पण लाभार्थी म्हणून नोंद व्हायची तर मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायचा कोणी? पुष्कळदा, ज्याने हजेरीपटावर नावच घेतले नाही, त्यानेच! कायद्याचे दार उघडे आहे, पण किल्ली मुकादमाच्या खिशात आहे.

आमचे भांडण धरणांशी नाही, पुलांशीही नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना पाणी आणि वीज यांचे नियोजन त्यांच्याच खात्याकडे होते. मोठ्या बांधकामांशिवाय हा देश दारिद्र्यातून वर येणार नाही, हे ते जाणत होते. प्रश्न एवढाच आहे, की बांधणाऱ्याची नोंद कोण ठेवणार.

आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आता रविवारी मजूर नाक्यावर जातात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वहीत ते तारीख, कामाची जागा, ठेकेदाराचे नाव आणि मिळालेली मजुरी लिहून देतात. ही वही म्हणजे सरकारी दाखला नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तक्रार करायची वेळ आली तर मजुराच्या हाती काहीतरी असते. मागच्या बाकावरची ती मुलगी या कामात पहिली आली. तिने पहिली वही उघडली, ती स्वतःच्या बापाची.